तीन पावलं आत

माझा मामा एकतीस वर्षं एका व्यावसायिक फुटबॉल क्लबच्या मैदानावर माळी होता. गवत कापणं, पाणी देणं, टाचांनी उखडलेली ढेकळं सामन्यानंतर पुन्हा जागच्या जागी बसवणं हे सगळं त्याच्याकडेच असायचं, पण त्याचा जीव होता तो रेघांत. पांढरा रंग भरलेली एक चाकांची गाडी असते. ती ढकलत सामन्याच्या दिवशी सकाळी सगळं मैदान आखायचं. इतर ठिकाणचे माळी दोन खुंट्या ठोकतात, दोरी ताणतात आणि दोरीच्या कडेने गाडी नेतात. मामा दोरी लावायचा ती फक्त अलीकडच्या बाजूला, साहेब लोकांच्या खुर्च्या होत्या तिथे. पलीकडच्या बाजूला तो नुसता चालायचा. नजर समोरच्या कोपऱ्यावर ठेवायची, बाकीचं पायांना ठाऊक. "दोरी लावणाऱ्याची रेघ सरळ असते, माझी रेघ शांत असते," असं तो म्हणायचा. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे मी आपली मान डोलवायचे.

आता झालं ते सांगते. एका मोसमाच्या शेवटी क्लबचा सामना अशा संघाशी होता की ज्याचे दोन्ही कडांचे खेळाडू वाऱ्यासारखे पळायचे. आदल्या दिवशी कोचसाहेबांनी मामाला बोलावलं. तेही कुठे, तर खेळाडूंच्या खोलीत. एकतीस वर्षांत मामा त्या खोलीच्या दारापर्यंतच गेला होता, चिखलाचे बूट घालून. त्या दिवशी त्याला खुर्ची दिली. कोचने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, तुम्ही आमच्यातलेच." मग हळूच काम सांगितलं. दोन्ही कडांच्या रेघा तीन-तीन पावलं आत घ्यायच्या. मैदान अरुंद झालं की पळणाऱ्यांना पळायला जागाच उरत नाही. मैदानाची रुंदी मोसमाच्या सुरुवातीला लिहून कळवायची असते आणि मग ती बदलायची नसते, हे मामाला पाठ होतं. तरी तो हो म्हणाला.

"का म्हणालास?" असं मी त्याला शंभरदा विचारलंय. तो दर वेळी एकच सांगतो. "खुर्ची दिली गं."

बरं, लबाडी करायची तर ती तरी नीट करावी! अलीकडची रेघ दोरी लावून आत घेतली, ती चोख आली. पलीकडे हा पठ्ठ्या सवयीप्रमाणे पायांच्या भरवशावर निघाला. सुरुवात केली आतल्या खुणेपासून, आणि निम्म्यात आल्यावर पाय आपले जुन्या वाटेला लागले. शेवटी आत घेतलेला कोपऱ्यातला झेंडा जवळ आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, मग घाईघाईने रेघ आत वळवली. जमिनीवरून कोणाला काही दिसलं नाही. पण टीव्हीच्या उंच कॅमेऱ्यातून मैदानाच्या त्या बाजूला पोट सुटल्यासारखं दिसत होतं. मध्यंतराला पाहुण्या संघाने मोजायचा टेप मागवला. यजमान दोन गोलांनी पुढे होते. सामना तिथेच थांबला.

मग शिक्षा झाल्या. क्लबचे तीन गुण कापले. कोचला सहा महिन्यांची बंदी. मामाला आजन्म बंदी, म्हणजे लीगच्या कुठल्याही मैदानात कामाला तर नाहीच, तिकीट काढून प्रेक्षक म्हणूनसुद्धा पाऊल ठेवायचं नाही. समितीसमोर कोच म्हणाला, "मी फक्त सुचवलं होतं, हात त्यांचा होता." आज तो कोट घालून टीव्हीवर खेळातल्या सचोटीबद्दल बोलतो. तो दिसला की मी टीव्ही बंद करते. मामा पुन्हा लावतो, कारण पाठीमागे मैदान दिसत असतं.

मामी आधीच गेलेली, मूलबाळ नाही, म्हणून तो माझ्या गावी आला. माझं शिवणाचं दुकान आहे, जास्त करून शाळेचे गणवेश. पहिले दोन महिने तो कोपऱ्यातल्या स्टुलावर नुसता बसायचा. मग एकदा मी चिडून त्याच्या हातात कापडाचा खडू दिला आणि म्हटलं, "घे, आख." तेव्हापासून चाळीस चाळीस चड्ड्यांचं कापड तोच आखतो. पट्टी घेतल्याशिवाय हात लावत नाही. मी एकदा म्हटलं, "मामा, इतक्या वेळा मापून काय करतोस, नजरेने घे की." तर तो माझ्याकडे असा बघत राहिला की मीच ओशाळले.

आमच्या शेजारी दवाखाना आहे. तिथले कंपाउंडर दुपारी चहाला आमच्याकडे येतात. फुटबॉलचं वेड डोक्यात गेलेला माणूस. या वर्षी अंतिम सामन्यात एक मोठा खेळाडू कोणी हातही लावलेला नसताना गोलासमोर आडवा झाला, पेनल्टी मिळाली, चषक त्याच्या संघाला गेला. चित्रफीत पाहून समितीने त्याला दोन सामने बाहेर बसवलं. झालं, कंपाउंडर पेटले.

"दोनच सामने? चषक काढून घ्या म्हणतो मी! आणि त्याला पुढचं वर्षभर गुडघ्यांवर रांगत खेळायला लावा."

"म्हणजे त्याच्याबरोबरच्या दहा जणांनी काय केलं होतं?" मी बटणाची भोकं करता करता म्हटलं. "त्यांचा चषक का काढायचा?"

"त्यांनी बघितलं ना? बघून गप्प बसले ना?"

"मग कोच? आमच्या मामाच्या कोचला सहा महिने, आणि मामाला मरेपर्यंत. सांगणाऱ्याला कमी आणि ऐकणाऱ्याला जास्त, हा कुठला हिशेब?"

मामा कापडावरून मान वर न करता म्हणाला, "माझी शिक्षा बरोबर आहे."

कंपाउंडरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"हे बघा," तो म्हणाला, "खेळाडू खोटंखोटं पडतो तेव्हा तो पंचाला फसवतो. पंच तिथे त्यासाठीच उभा असतो, पकडेल नाहीतर चुकेल. पण रेघेकडे कोण संशयाने बघतं? बावीस पोरं तिच्यावर डोळे झाकून पळतात. मी त्यांना फसवलं. आमच्याही पोरांना, त्यांच्याही. कोचने सांगितलं हे खरं, पण गाडी माझ्या हातात होती."

कंपाउंडर नरमले. त्यांनी पेपरात वाचलेली बातमी सांगितली. लीग जुन्या शिक्षांचा फेरविचार करणार होती. गुन्ह्याच्या मानाने शिक्षा जास्त झाली असं ज्यांना वाटत असेल त्यांनी अर्ज करावा.

"करा काका अर्ज," ते म्हणाले.

"कर," मामा माझ्याकडे बघून म्हणाला. "तुझं अक्षर चांगलं आहे."

"अरे, आत्ताच म्हणालास ना शिक्षा बरोबर आहे? मग अर्जात काय लिहू, कपाळ माझं?"

मामाने खडू खाली ठेवला. बोटं पांढरी झाली होती, ती त्याने पँटला पुसली. "शिक्षा बरोबरच आहे," तो म्हणाला. "पण मला जायचंय गं. सकाळी गवत ओलं असतं ना, आणि कोणी आलेलं नसतं. रोज उठलं की पाय तिकडे निघतात. आठ वर्षं झाली, अजून निघतात. काम नको मला. नुसतं एका कडेला उभं राहू द्या म्हणावं."

मी तेच लिहिलं. माझ्या मनात बरंच होतं कोचबद्दल, तेही लिहिणार होते, पण मामाने वाचून ते खोडायला लावलं.

दीड महिन्याने बोलावणं आलं. बसने चार तास. मामाने पांढरा शर्ट घातला होता आणि वाटेत एकदाही डोळा लावला नाही. क्लबचं गाव जवळ आलं तसं तो खिडकीतून मला दाखवत होता, इथे गवताचं बी मिळायचं, इथून गाडीची चाकं आणायचो. लीगचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. लांबलचक टेबल, त्यावर पाण्याच्या बाटल्या. मध्ये अध्यक्षबाई, निवृत्त न्यायाधीश, केस एकदम पांढरे. त्यांच्या शेजारी एक जाडसर माजी खेळाडू. मामाने त्याला ओळखलं, कारण तो खेळायचा तेव्हा त्याच्या टाचांची ढेकळं सगळ्यांत खोल निघायची. हे त्याने मला कानात सांगितलं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुमच्या मते तुम्हाला योग्य शिक्षा कोणती होती?"

मी टेबलाखालून मामाच्या पायावर पाय दिला. काही उपयोग झाला नाही.

"हीच," मामा म्हणाला.

बाई थोडं हसल्या. "इथे आलेल्या प्रत्येकाने आज आपला दोष कोणा ना कोणावर टाकला. तुम्ही पहिलेच." त्यांनी शेजारी पाहिलं, माजी खेळाडूने मान हलवली. "तुमची बंदी आम्ही उठवतो आहोत. आजपासून."

मला भरून आलं. खोटं कशाला बोलू, मी रडलेच. मामाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि एकदम लहान आवाजात विचारलं, "मग पहिला सामना कधी आहे? मी सकाळी लवकर आलो तर चालेल का? मध्ये मध्ये करणार नाही. रेघा कोण मारतं ते लांबून बघेन."

माजी खेळाडू मोकळेपणाने हसला. माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तो आनंदाची बातमी देतोय. "काका, रेघा मारायच्या राहिल्याच नाहीत आता! या मोसमापासून सगळीकडे कृत्रिम गवत. गालिच्यासारखं गुंडाळून येतं, रेघा कारखान्यातच विणलेल्या. तीन पावलं काय, तीन बोटं सरकवायची म्हटली तरी कोणाला जमायचं नाही. म्हणून तर आम्ही म्हटलं, तुमच्या बंदीला आता अर्थच उरला नाही."

"आमच्या मैदानाचं गवत?" मामाने विचारलं.

"ते मागच्याच आठवड्यात काढलं."

अध्यक्षबाईंच्या बहुतेक लक्षात आलं, त्यांनी पाण्याची बाटली मामापुढे सरकवली. मामाने ती घेतली नाही. समोर बंदी उठवल्याचा आदेश ठेवला होता, शिक्का मारलेला, खाली सहीसाठी जागा. मामाने तो कागद दोन्ही हातांनी उचलला आणि परत त्यांच्याकडे केला.

"मग बंदी राहू द्या," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आठ वर्षं मी म्हणत आलो, मला तिथे जाता येत नाही. तिथे सगळं आहे, मलाच जाता येत नाही. आता काय म्हणू?"

बाईंनी चष्मा काढला. कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. "तशी तरतूद नाही हो," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज अगदी मऊ होता. मामाने सही केली नाही. बाहेर पुढचा माणूस वाट बघत होता, शेवटी मीच पुढे होऊन सोबत आलेली नातेवाईक म्हणून सही केली.

आम्ही खाली रस्त्यावर आलो. मैदान कार्यालयापासून दोन चौक लांब होतं. मी विचारलं, जायचं का. मामाने बसची वेळ विचारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपाउंडर जवळजवळ धावतच दुकानात शिरले. "काय झालं काका? उठवली ना?"

मामा कापड आखत होता. आदेशाचा कागद माझ्या यंत्राच्या खणात, चार बोटांवर होता.

"नाही उठवली," मामा म्हणाला.

कंपाउंडरांनी समितीला शिव्या घालायला सुरुवात केली. निर्दय म्हणाले, आंधळी म्हणाले, त्या पांढऱ्या केसांच्या बाईंचाही उद्धार केला. मामा ऐकत होता, मधूनमधून मान हलवत होता. मी खण आत ढकलून घट्ट लावून घेतला आणि म्हटलं, "खरंच, फार अन्याय केला हो त्यांनी."