मोलेवर जवसाची चटणी

मी पर्समधली जवसाच्या चटणीची डबी काढली आणि त्या बाईच्या देखत तिच्या मोलेवर अर्धी रिकामी केली. कालवलं, घास घेतला आणि नातीला म्हणाले, "आता कुठे तोंडाला चव आली."

बाई डाव हातात धरून समोरच उभी होती. मराठी तिला येत नाही, पण कळायचं ते कळलं.

ती मेक्सिकोतल्या ओआहाका नावाच्या जुन्या शहरातली. लंडनच्या ईलिंगमध्ये आमच्या घरापासून बसने दोन स्टॉपवर तिची सहा टेबलांची खाणावळ आहे. मोले म्हणजे मिरच्या, तीळ, शेंगदाणे आणि थोडं चॉकलेट वाटून केलेला काळा दाट रस्सा, आत कोंबडी. तीन दिवस खपून तिने तो आमच्यासाठी केला होता.

नात शिकायला सहा महिने त्याच शहरात जाणार होती. एकटी. धास्तीने पोरीचं जेवण तुटलं होतं. या बाईची बहीण तिथे खाणावळ चालवते, वर एक रिकामी खोली आहे. "बहिणीला सांगते, मुलीसारखी ठेवेल," असं बाईच आपणहून म्हणाली होती. आणि जायच्या आधी आजीला जेवायला घेऊन ये म्हणाली.

आम्ही जेवत असताना ती मध्येमध्ये कागदावर लिहीत होती, तिथे कुठे खायचं ते. सकाळी बाजारातल्या बाकावर बसायचं, वाडगाभर गरम चॉकलेट आणि बुडवायला पाव. चौकातल्या कमानींखाली खायचं नाही, तिथे फक्त टुरिस्टांसाठी शिजवतात. संध्याकाळी निखाऱ्यावरची मोठी कडक पोळी. दुपारचं जेवण बहिणीकडेच. बहिणीचा पत्ता तेवढा लिहायचा राहिला होता.

घरी मी सांगितलं, हात सवयीने पर्सकडे गेला. आम्ही नागपूरकडचे. सहलीच्या बसने स्कॉटलंडला निघालो तरी आमच्यात प्रत्येकीजवळ चटणीची डबी असते. पण त्या दिवशी सवय नव्हती. मोले चांगलं तिखट होतं. नात बोटं चाटत म्हणाली, "आजी, असं मी कधीच नाही खाल्लं!" वीस वर्षं त्या पोरीला मी रांधून घातलं. ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

मला कळत नव्हतं असंही नाही. मी इथे बारा वर्षं पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअरवाल्यांचे डबे केले. एकाने माझ्यासमोर भरल्या वांग्यांवर केचप पिळलं, त्याचा डबा दुसऱ्या दिवशी बंद केला.

बाई चिडली नाही. माझं ताट उचललं आणि साधा पांढरा भात आणून ठेवला. "धिस इज बेटर फॉर यू," म्हणाली. कागदाची घडी करून नातीच्या हातात दिली. पत्ता लिहिलाच नाही.

बसमध्ये नात खिडकीकडे तोंड करून बसली. स्टॉप आला तेव्हा म्हणाली, "आजी, तू मुद्दाम केलंस ना?"

"काहीतरीच! मला ते गोड लागलं," मी म्हणाले.

"ते गोड नव्हतं."

पुढच्या आठवड्यात मी वांगी करून घेऊन गेले, सॉरी म्हणाले. तिने नो प्रॉब्लेम म्हणत डबा ठेवून घेतला आणि दोन दिवसांनी स्वच्छ घासून परत दिला. नातीने पत्ता विचारला तर म्हणाली, खोली आता दुसऱ्या कुणाला दिली. दिली असेल, नसेलही. मी कोण विचारणार?

नातीला तिकडे शहराच्या टोकाला खोली मिळाली, चूल नसलेली. बाजारात बाकावर सगळे आपापल्या घरच्यांसोबत दाटीने बसतात, एकटीला तिथे जायची लाज वाटते, असं फोनवर सांगायची. मग कमानींखालीच काहीतरी गार खाऊन खोलीवर जायची. फोनवर तिचा चेहरा महिन्यागणिक लहान दिसत गेला.

सहा महिने तिने तसेच काढले. मी इथे ईलिंगला दोन्ही वेळा गरम जेवत होते.