पालखीपुढचा चेहरा

महाडच्या बाजारपेठेत किशोरकाकांचा पूर्वी स्टुडिओ होता. पुराच्या वर्षी कॅमेरे चिखलात गेले. तोवर लोकांच्या खिशात मोबाइल आलेच होते, त्यामुळे काकांनी नवे कॅमेरे घेतले नाहीत. आता ते लोकांनी काढलेले फोटो छापून चौकटीत बसवून देतात. छापण्याआधी फोटो नीट बघायचा आणि काही सुचलं तर सांगायचं, ही स्टुडिओतली सवय मात्र सुटली नाही.

सांगण्याची त्यांची एक रीत आहे. ‘वाईट आलाय’ असं ते कधी म्हणत नाहीत. आधी विचारतात, यात तुला काय दाखवायचं होतं? उत्तर मिळालं की फोटोतला नको असलेला भाग अंगठ्याने झाकतात. बाळाच्या वाढदिवसातून मागचा फ्रिज जातो, नव्या घरासमोर उभ्या केलेल्या आईच्या फोटोतून निम्मं घर जातं. माणसं हसतात आणि बहुतेक जण पुढच्या वेळी दोन पावलं जवळ जाऊन फोटो काढतात.

शिमग्यात भरत आला. तो कुडपणचा, एमआयडीसीत कामाला, बिरवाडीत खोली घेऊन राहतो. त्याचे वडील सोनबा तरणेपणापासून गावच्या देवाच्या पालखीला खांदा देत आलेले. यंदा गुडघा कुरकुरू लागला आणि पुढच्या वर्षीपासून माझ्या जागी दुसरा बघा, असं त्यांनीच गावकीत सांगून टाकलं. भरतला बापाचा पालखी खांद्यावर घेतलेला एक फोटो हवा होता. ढीगभर काढलेत, त्यातला बरासा मोठा करून द्या, म्हणाला.

काकांनी सगळे पाहिले. प्रत्येकात पालखी मधोमध. झेंडूच्या माळा, रुप्याचा मुखवटा, सगळं लख्ख. खांदेकरी कडेला कापले गेलेले. कुठे नुसता कान, कुठे दांड्यावरचा हात.

“एकही हललेला नाही, रंगही छान आलेत,” काका म्हणाले. “पण हे देवाचे फोटो झाले रे. बाबा कुठे आहेत?”

भरत ओशाळला. पालखी आली की मोबाइल आपोआप देवाकडेच वळतो, म्हणाला. काकांनी सवयीने अंगठा उचलला, पण तो तसाच हवेत राहिला. इथे झाकायचा भाग म्हणजे देवच होता. त्यांनी हात मागे घेतला आणि नुसतं तोंडाने सांगितलं. पालखी अजून घरोघरी फिरत होती, रविवारी भरतच्या गावच्या घराच्या अंगणात यायची होती. तेव्हा बाबांच्या अगदी समोर उभा राहा, मोबाइल छातीइतका खाली धर आणि ढोल वाजताना घाई करू नको. ढोल थांबला की माणूस दम घेतो, तेव्हा काढ.

“मग देव अर्धा कापला जाईल, काका.”

“जाईल. आधी हात जोड, मग काढ.”

भरत मोबाइल खिशात घालून गेला. पुढे चौकटी ठोकताना काकांना राहून राहून वाटायचं, आपण नको ते सांगून बसलो.

सोमवारी फोटो आला. सोनबा समोर, दांडा मानेपाशी रुतलेला, घामाने ओघळलेला गुलाल भुवईपर्यंत आलेला, डोळे मिटत आलेले. मागे पालखीचा कोपरा आणि एक माळ. काकांनी तो मोठा करून कोपरान्‌कोपरा पाहिला. मग त्यांनी कळवलं की उजवीकडे कुणाचा तरी मोबाइल धरलेला हात आलाय, अर्धं पाऊल डावीकडे सरकला असतास तर टळला असता. तेवढा मी काढून टाकतो.

गुडघा दाखवायला सोनबा महाडला आले तेव्हा बायको आणि भरतसह दुकानात शिरले. भरतची आई राहीबाई हिने चौकट दोन्ही हातांत धरली.

“बाप चांगला आलाय. पन देव कुठं हाय रे यात? निस्ती माळ दिसतेय.”

भरतने काकांकडे पाहिलं. काका काही बोलणार, तोच स्टुलावर पाय लांब करून बसलेले सोनबा म्हणाले, “मी पुढं, देव माज्या पाठीमागं. खांद्यावर असताना मला तरी कुठं दिसला?”

काच स्वच्छच होती, तरी राहीबाईने ती पदराने पुसली.

“मग देव्हाऱ्याच्या समोरच्या भितीला लावते,” ती नवऱ्याला म्हणाली. “आता बघत ऱ्हा.”

सोनबा हसले. काकांनी चौकट परत मागून घेतली आणि भिंतीवर पक्की बसावी म्हणून मागे आणखी एक कडी ठोकून दिली.