काढ्यानंतरचा गूळ

बाबांच्या खालच्या जबड्यात डाव्या बाजूला एकच दाढ उरली आहे. कवळीची तार तिलाच अडकते. लातूरच्या दातांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "ही गेली की कवळी टिकणार नाही, आणि कवळी नाही तर भाकरी नाही." वरणभात हे आजाऱ्याचं जेवण, असं मानणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा नव्हती.

दुकानातलं गुळण्यांचं औषध बाबांना नको होतं. "फिनेल पिल्यासारखं लागतं." आजोबांचे दात म्हणे बाभळीच्या काडीवर शेवटपर्यंत टिकले. मग घरच्या पाल्याच्या काढ्यानं गुळण्या केल्या तर चालतील का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "दोन वेळा ब्रश करून वर काढा घेऊ द्या. ब्रशच्या बदल्यात नाही."

मग मी अहमदपूरच्या घरी, मोरीजवळच्या आरशाशेजारी कागद चिकटवला. आधी ब्रश. मग कडुनिंबाची पानं, बाभळीची साल आणि दोन लवंगा उकळून, गाळून, कोमट गुळण्या. खुणेसाठी रोजचे चौकोन. साल धुऊन, वाळवून, डब्यावर चिठ्ठी लावून ठेवली आणि नांदेडला परतले.

तीन महिने फोनवर एकच उत्तर. "झाल्या गुळण्या?" "झाल्या. खूण केली."

तपासणीला बाबांनी खुणांनी भरलेला कागदही आणला. डॉक्टरांनी तोंडात छोटा आरसा घातला आणि मान हलवली. तारेखाली काळा ठिपका पडला होता. परतताना एसटीत मी कागदावरच्या खुणा पुन्हा मोजल्या. त्या खोट्याच असणार, याचा राग होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीपाशी स्टूल टाकून पहारा दिला. ब्रश झाला. तोंड वाकडं करत गुळण्या झाल्या. चौकोनात खूण झाली. सगळं खरं होतं. तेवढ्यात आईनं येऊन बाबांच्या तळहातावर सुपारीएवढा गुळाचा खडा ठेवला. तो डाव्या गालात सारून बाबांनी पेपर उघडला.

"आई, हे काय?"

"गूळ."

"दिसतंय ते. कशाला?"

"कडू तोंडानं दिवस सुरू करू न्हाई, माय. पाडव्याला तू खात न्हाईस का कडुनिंबासंगं गूळ?"

"पाडवा वर्षातून एकदा येतो!"

"गूळ खाऊ नये असं तुझ्या कागदावर कुठं लिहिलंय?" बाबांनी पेपराआडून विचारलं. जन्मभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासलेला माणूस.

नव्हतंच लिहिलं. तेच मला जास्त झोंबलं. इकडे मी साल निवडत होते आणि तिकडे दाढेला रोज अर्धा तास गुळात मुरवणं चाललं होतं.

मी पेन काढलं : गुळण्यांनंतर काही खायचं नाही.

"मग मी काढा घेत न्हाई," बाबा म्हणाले.

तासभर हुज्जत झाली. शेवटी मी क्रमच फिरवला. गूळ सगळ्यात आधी आणि लगेच चावून गिळायचा, मग ब्रश, मग काढा, त्यावर काही नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी ठिपका कोरून दाढ भरली. पुन्हा किडली तर काढावी लागेल, हे बाबांच्या तोंडावर सांगितलं.

आज सकाळी फोन केला.

"गूळ झाला," बाबा उत्साहानं म्हणाले.

"आणि ब्रश? काढा?"

"तुझी आई पाणी ठेवून राहिली."

मागून आईचा आवाज आला, "पाणी कवाच उकळलंय. पानं कोण तोडणार?"

कडुनिंब दारातच आहे.

"बाबा, फोन ठेवू नका," मी म्हणाले. "ब्रश करा, पानं तोडा. मी थांबते."