रचनाकार अज्ञात

कर्जतकडच्या एका लग्नघरी ती जात्यावर हळद दळत होती. हात पिवळे, म्हणून घाम कोपराने पुसायची. ती गात होती त्या ओव्या मी वहीत उतरवत होतो. एका ओवीवर मी विचारलं, "ही जुनी का?"

"जुनी कशाची सर? माजी हाय. उसाच्या फडात लेक झाली, तवा रचली. पुस्तकात माजं नाव घालाल न्हवं?"

"घालतो की."

माझा प्रबंध परंपरेवर होता. त्यात जिवंत कवयित्री बसत नव्हती. ओवीखाली मी 'रचनाकार अज्ञात' लिहिलं आणि डॉक्टरेट मिळवली. माझ्यानंतरचे सगळे आजही तसंच छापतात.

म्हातारपणी खरं लिहायला बसलोय: ती ओवी तिची आहे. पण नाव कुठून आणू? 'घालतो' म्हणताना मी ते विचारलंसुद्धा नव्हतं.