मागून वाजवणारे शेजारी

आमच्या शेजारच्या पेटीवाल्यांइतका अस्वस्थ माणूस वाशीच्या सगळ्या सेक्टरांत मिळून दुसरा नव्हता. हे विधान खोडून काढणारा कुणी निघालाच, तर त्यानं त्यांच्या शेजारी एक उन्हाळाही काढलेला नसणार. ऐंशी सालच्या आसपास ते गिरगाव सोडून इथे आले. ‘सोडून’ हा शब्द त्यांना मान्य नव्हता. चाळीतली खोली त्यांनी कुलूप लावून राखून ठेवली होती आणि “दिवाळीपर्यंत बघतो, नाहीतर चाललो परत,” हे ते दूधवाल्यालासुद्धा ऐकवत. वहिनींना मात्र घरातला स्वतःचा नळ फार आवडला होता. दिवाळीचं नाव निघालं की त्या आत जाऊन जोरजोरात भांडी घासू लागत.

जन्मभर त्यांनी गवयांना पेटीची साथ केली. गवयाच्या अर्धी मात्रा मागून राहायचं, त्यानं दम घेतला की ती जागा भरायची, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की बाजारातसुद्धा ते माझ्या अर्धं पाऊल मागे चालत. बोलताना तर कहरच. मी म्हणावं, “आज पाणी आलं नाही,” की हे मान डोलावून, “...आलं नाही.” मी जरा थांबलो की “नाहीच आलं, छे, अगदी नाही,” अशी माझी रिकामी जागा भरून काढत. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी पंपाबद्दल तावातावानं बोलत होते, तेव्हा यांची बोटं खुर्चीच्या हातावर त्यांच्या मागोमाग धावत होती. मध्येच सेक्रेटरींना जोराचा ठसका लागला आणि पेटीवाले भान हरपून “वा!” म्हणाले. सेक्रेटरी पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

पण खाडीपलीकडे गेलेल्या माणसाला साथीला बोलावणार कोण? गिरगावात खालच्या चहावाल्याकडे निरोप ठेवला की काम भागे. इथे आमच्या अख्ख्या इमारतीत फोन नव्हता. चार महिन्यांत एक बोलावणं आलं नाही. एकट्यानंच वाजवा म्हटलं तर चिडत. “मागे राहायला पुढे कुणीतरी नको?” मग दिवसभर येरझारा. पेटी खिडकीशी, पेटी दाराशी, पेटी पुन्हा कॉटखाली. शेवटी ते वाशीगावातून येणाऱ्या मासळीवालीच्या हाळीलाच साथ करू लागले. ती खाली “म्हावरं घ्या” म्हणून ओरडली की वर पेटीतून तिचाच सूर निघे. एक दिवस टोपली जिन्यात ठेवून ती वर आली.

“एकादशीला आमचे गावान भजन हाय. आमचे पेटीवाल्याला तलोज्याला कंपनीन काम लागलंय, त्याची रातपाली हाय. तुमी येशाल का?”

तिचं वाक्य संपायच्या आतच पेटीवाले पेटी पुसायला आत गेले होते.

मीही गेलो. देवळात पन्नासेक माणसं, टाळ, मृदंग. पेटीवाले सूर धरून बसले आणि पुढे काहीच होईना. ते गवयाची वाट बघत होते आणि गाव त्यांची. पेटी ज्याच्या पुढ्यात तोच बुवा, त्यानंच गायचं आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं, ही भजनाची रीत आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हती. मृदंगवाल्यानं दोनदा उगाच थाप मारली. शेवटी बायकांतून मासळीवाली ओरडली, “बुवा, चालू करा ना!”

“गाणार कोण?”

“कोन म्हंजे? पेटी तुमचे पुढ्यान हाय!”

पेटीवाल्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता उठतात आणि थेट गिरगाव गाठतात. पण ते उठले नाहीत. डोळे घट्ट मिटून, कापऱ्या आवाजात त्यांनी अभंगाची एक ओळ म्हटली. ओळ संपता संपता दम संपला, आणि पन्नास गळ्यांनी ती ओळ उचलली. पेटीवाल्यांनी दचकून मागे वळून पाहिलं.

दिवाळीच्या आधीच ते गिरगावातल्या खोलीची किल्ली घरमालकाला देऊन आले. असं अचानक का, म्हणून मी विचारलं. त्यांनी पेटीवरून फडकं फिरवलं. मग म्हणाले, “त्या दिवशी माझा दम संपला आणि मागून सगळं गाव आलं. काय आधार वाटतो हो! गवयांना हे रोज वाटत असणार. इतक्या वर्षांत मला एकानंही कधी सांगितलं नाही.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र फार वाईट वाटलं.