उसन्या पोरांचा वर्ग

पाहुणे येणार म्हटलं की आमच्याकडे शेजारच्या घरून खुर्च्या येतात, कपबश्या येतात, वेळ पडली तर पलंगावरची चादरही येते. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आमच्या सरांनी त्याच हिशेबानं शेजारच्या गावातून पोरं आणली. अकरा. आणि मी ती वर्गात बसवून घेतली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे सगळं खापर सरांच्या डोक्यावर फोडायचा मोह मला होणार नाही.

नामपूरच्या पुढे एका वस्तीवर आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. चौथीपर्यंत, खोल्या दोन, शिक्षक दोन: मुख्याध्यापक म्हणजे सर, आणि मी. पट चोवीस. मी सटाण्याहून स्कूटीवर ये-जा करते. मूळची नाशिकजवळची, मळ्यात वाढलेली. लहानपणी पहाटे शेवंतीच्या जुड्या बांधून मग शाळेत जायचे, त्यामुळे पोरं कामाला जातात याचा मला धक्का वगैरे बसत नाही. राग मात्र येतो. तो तसा मला कशाचाही येतो, असं सर म्हणतात.

गेल्या जानेवारीत केंद्रप्रमुखांचा फोन आला. आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख ठेवणारे हे अधिकारी. म्हणाले, हॉलंडच्या एक शिक्षिका आहेत, त्यांचे मिस्टर नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मशीन बसवायला आलेत. बाईंना खेड्यातली शाळा बघायची आहे, दिवसभर. तुमची शाळा सांगितली. आमचं शिकवणं फार उत्तम म्हणून सांगितली असेल, असा गोड गैरसमज मी दोन दिवस बाळगला. मग कळलं, आमच्या दारापर्यंत डांबरी रस्ता आहे म्हणून.

पण जानेवारी म्हणजे उन्हाळ कांद्याची लागवड. त्या दिवसांत वस्तीवर म्हाताऱ्या माणसांशिवाय कोणी सापडत नाही. बायकांच्या टोळ्या या वावरातून त्या वावरात जातात, ओल्या वाफ्यात उकिडवं बसून बोटानं एकेक रोप रोवतात. पोरं रोपांच्या जुड्या पोचवतात आणि बांधावर तान्ही भावंडं सांभाळतात. चोवीसातली तेरा शाळेत, अकरा वावरात, हा आमचा जानेवारीचा पट.

"केंद्रप्रमुखांसमोर तेरा पोरं दाखवायची?" सर म्हणाले. "त्यात परदेशी पाहुणी. लाज जाईल हो." सरांचे एक जुने मित्र शेजारच्या गावात मुख्याध्यापक आहेत. तिथली लागवड आटोपली होती, पोरं मोकळी होती, आणि गणवेश तर सगळीकडे सारखाच. ठरलं. सकाळी साडेनऊला पिकअपमधून अकरा पोरं उतरली, नवरदेवाकडची माणसं उतरतात तशी, जरा लाजत, जरा ऐटीत. सरांनी प्रत्येकाला एकेका गैरहजर पोराचं नाव दिलं आणि त्याच्या जागेवर बसवलं. "नाव पुकारलं की हजर म्हणायचं. बाकी काही बोलायचं नाही."

या अकरा रिकाम्या जागांत एक जागा चौथीतल्या एका पोरीची होती. खिडकीजवळची, दुसऱ्या रांगेतली. ही पोर महिनाभर निम्मे दिवसच येत होती. आई टोळीत, वडील ट्रकवर, आणि दहा महिन्यांचा भाऊ हिच्या कडेवर. मी तिला दोनचारदा वावरातून स्कूटीवर बसवून आणलं होतं. दरवेळी तिला सांगायचे, तू नसलीस तर वर्ग भरल्यासारखाच वाटत नाही गं. लबाडी नव्हती ती. तिच्यासारखे प्रश्न दुसरं कोणी विचारत नाही. पाहुणी येणार म्हटल्यावर तिनं इंग्रजीत एक प्रश्न पाठ केला होता, आठ दिवस येताजाता मला म्हणून दाखवत होती. पण आदल्या दिवशी तिच्या आईनं निरोप धाडला की उद्या टोळीला मोठं वावर लावायचंय, पोर येणार नाही. मी आणायला जाऊ शकले असते. गेले नाही. सजावटीचे फुगे फुगवत बसले, आणि सकाळी तिच्या जागेवर एक उसनी पोर बसताना बघून, तिची वेणी जरा नीट करून दिली.

केंद्रप्रमुख पाहुण्या बाईंना घेऊन आले, भरलेल्या वर्गात डोकावले, चहा प्याले, आणि सटाण्याला मीटिंग आहे म्हणून निघूनही गेले. ज्यांच्यासाठी नाटक मांडलं ते पहिल्याच अंकात उठून गेले, आणि आम्ही मात्र रंग लावून बसलेले.

पाहुण्या बाई पन्नाशीच्या, इतक्या उंच की पोरांनी लगेच त्यांचं नाव 'उंच मॅडम' ठेवलं. एक गुडघा दुखरा, हातात काठी. हारतुरे झाल्यावर त्यांनी माझ्यामार्फत विचारलं, हजेरी मी घेऊ का? नावं ओळखीची होतील. मोडकंतोडकं का होईना, इंग्रजी मलाच येत असल्यामुळे दुभाषी मीच. सरांनी मोठ्या हौसेनं नावं इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवली होती, ती त्यांच्या हातात दिली.

हजेरी सुरू झाली. उंच मॅडम नावं अशा काही उच्चारत होत्या की खऱ्या पोरांनाही आपलं नाव ओळखू येत नव्हतं. एका उसन्या पोरानं घाईत दोन नावांना हजर म्हटलं, ते सरांनी खोकून निभावलं. मग त्या पोरीचं नाव आलं. खिडकीजवळची उसनी पोर उभी राहिली आणि म्हणाली, "हजर."

तेवढ्यात दारातूनही आवाज आला. "हजर."

ती दारात उभी होती. पळत आल्यानं धापा टाकत होती. गणवेश घातलेला, पण हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले. भावाला टोळीतल्या एका म्हातारीच्या मांडीवर टाकून, आईची नजर चुकवून आली होती. आपल्या नावाला दुसरं कोणी उठलंय, हे तिला तेव्हाच दिसलं. ती वर्गात आली नाही. उंबऱ्यावरूनच मला म्हणाली, "मॅडम, ती जागा मनी शे." माझी आहे.

उंच मॅडम एकदा हिच्याकडे बघत होत्या, एकदा तिच्याकडे. सर माझ्या कानाशी लागले. "सांगा, एकाच नावाच्या दोघी आहेत."

आणि मी सांगितलं. टू गर्ल्स, सेम नेम. उंच मॅडम हसल्या, दोन बोटं वर करून मान डोलावली. सुटलो. मी दाराकडे बघितलं तर ती पोर माझ्याकडे टक लावून बघत होती. टू, गर्ल्स, सेम, नेम. यातला एकेक शब्द तिला मीच शिकवला होता. तिला सगळं समजलं होतं. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती वळली आणि पायऱ्या उतरून चालू लागली.

मी उंच मॅडमच्या हातातल्या यादीवर हात ठेवला. मग मी जे बोलले ते व्याकरणात कुठेच बसणारं नव्हतं. उंच मॅडमना सांगितलं, मी खोटं बोलले. नाव एकच, मुलगीही एकच, ती आत्ता गेली ती. ही दुसऱ्या गावची आहे. अशी अकरा आहेत. आमची अकरा कांद्याच्या वावरात आहेत. सर "अहो मॅडम, अहो मॅडम" करत राहिले, मग भिंतीवरच्या नकाशाकडे तोंड करून उभे राहिले. खिडकीजवळच्या उसन्या पोरीनं मात्र आपलं खरं नाव सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं.

उंच मॅडम रागावल्या की नाही, ते कळेना. हातातली यादी त्यांनी घडी करून टेबलावर ठेवली. अकराही पोरांना त्यांची खरी नावं विचारली. मग मला म्हणाल्या, वावर किती लांब आहे?

सरांना वर्गावर ठेवून आम्ही दोघी निघालो. बांधाबांधानं जायला वीस मिनिटं लागली, कारण काठी चिखलात रुतायची. मी वाटेत तीनदा त्यांची माफी मागितली. तिसऱ्यांदा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही माझी माफी मागताय. मी संध्याकाळी नाशिकला परत जाणार. तिची मागितली का?"

विद्यार्थ्याची माफी. मला कोणी शिकवलं नाही ते. आमच्या गुरुजींनी आमची कधी मागितली नाही, त्यांच्या गुरुजींनी त्यांची मागितली नसणार.

वावरात बायका रांगेनं बसल्या होत्या. आम्हाला बघून तिची आई वाफ्यातून उठली, पदराला हात पुसत पुढे आली. तिला वाटलं, आम्ही तक्रार घेऊन आलो. पोर बांधावर भावाला घेऊन बसलेली, पाठ आमच्याकडे. सगळं तिनं आईला सांगितलं होतंच. मी नेहमीचं सुरू केलं, पोर हुशार आहे, चौथीचं वर्ष आहे, शाळेत पाठवा. आईनं ते पूर्ण ऐकून घेतलं. मग आवाज न चढवता म्हणाली, "मॅडम, तुम्हले तिना जागावर दुसरी पोर भेटनी. माले आठे कोन भेटस?"

आम्हाला शाळेत तिच्या जागी दुसरी चालली होती. वावरात तिच्या जागी दुसरी नव्हती. इतक्या वर्षांत पालकांची कारणं मी खूप ऐकली, वाद घातले, जिंकलेही. त्या दिवशी वाद तिथेच सोडला.

मी बांधावर गेले आणि पोरीसमोर बसले. टोळीतल्या पंधरा बायका बघत होत्या. म्हटलं, "मी चुकले. तुझ्या जागेवर दुसरी बसवली, आणि वरून खोटं बोलले. माफ कर मला." ती भावाच्या टोपड्याची गाठ सोडत राहिली, बांधत राहिली. माझी तिला मिठी मारायची फार इच्छा झाली, पण तो हक्क मी सकाळीच घालवला होता. म्हणून नुसती बसून राहिले.

उंच मॅडम हळूच काठी टेकत आल्या आणि शेजारी बसल्या. बसताना गुडघा कडकन वाजला. तेव्हा पोरीनं पहिल्यांदा मान वर केली, बराच वेळ त्यांना न्याहाळलं, आणि आठ दिवस पाठ केलेला प्रश्न विचारला: तुमच्या शाळेतली मुलं कांदे लावतात का? उंच मॅडम म्हणाल्या, आता नाही. पण माझी आजी बटाटे काढायची, आणि त्या दिवसांत तिच्या शाळेला सुट्टीच असायची. मी भाषांतर केलं. पोरीनं लगेच पुढचं विचारलं, मग त्या दिवसांतला अभ्यास कोण घ्यायचं? उंच मॅडम म्हणाल्या, आजीला विचारायचं राहूनच गेलं.

दुपारी तिथेच बायकांनी आम्हाला भाकरी आणि ठेचा खाऊ घातला. ठेच्यानं पाहुणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि टोळीला दिवसभराची करमणूक झाली. उठता उठता मी आईला म्हटलं, "बाळाला घेऊन येऊ द्या तिला. दोघांना पाठवा. सकाळी शाळेआधी जुड्या पोचवू दे, मग येऊ दे." आई म्हणाली, "देखू."

खरं तर हे सांगायचा मला अधिकार नव्हता. वर्गात तान्ही आणायची नाहीत, हा सरांचा नियम होता. मागच्या वर्षी एका बाळानं पोषण आहाराच्या रजिस्टरवर नको ते केलं होतं, तेव्हापासूनचा. परत येऊन मी भांडायच्या तयारीनंच सरांना सांगितलं. सर एरवी माझ्याशी अर्धा तास तरी भांडतात. त्या दिवशी त्यांनी व्हरांड्याच्या छताकडे बघितलं आणि म्हणाले, "तिथं कडी आहे. झोळी टांगता येईल." दुसऱ्या दिवशी घरून बायकोची जुनी नऊवारी घेऊन आले.

दोन दिवस झोळी रिकामी हलत राहिली. तिसऱ्या दिवशी ती आली, भाऊ कडेवर. पण वर्गात शिरली नाही. एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून तिनं आधी खिडकीकडे बघितलं. जागा रिकामी आहे याची खात्री केली, मग चपला काढल्या. चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी तेच. भाऊ झोळीत झोपू लागला, तिच्यामागून वावरातली आणखी चार पोरं आली, वर्गात तिचे प्रश्न पुन्हा सुरू झाले, माझ्याशी ती हसूही लागली. पण रोज सकाळी दारात थांबणं आणि खिडकीकडे बघणं काही सुटेना. मी हजेरीपुस्तकात डोकं घालून बसायचे, बघितलंच नाही असं दाखवायचे, आणि रोज सकाळी ते मला लागायचं. लागू दे, म्हणायचे. माझी कमाई आहे.

लागवड संपली, पात गुडघ्याएवढी झाली. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मी फळ्यावर तारीख लिहीत होते. मागून चपला भिरकावल्याचा आवाज आला, आणि ती भावासकट धावत येऊन माझ्या टेबलाला टेकली. भावाला रात्री पहिला दात आला होता, तो तिला मला आत्ताच्या आत्ता दाखवायचा होता. त्याच्या तोंडात बोट घालून मी दात चाचपला. मग एकदम ध्यानात आलं, की ही आज दारात थांबली नाही. खिडकीकडे तिनं अजूनही बघितलेलं नव्हतं.