कातळावरची काळी माती

कुंभारमाठच्या कातळावर वॉल्टर फर्नांडिसने बरीच अंगणं हिरवी केली होती. कातळ म्हणजे उघडा जांभा, पहार मारली तर हात झिणझिणतात. तिथे बाग करायची तर पहिली माती आणावी लागते, मग झाड. चांगली माती कुठून आणायची, किती पसरायची, पाण्याला वाट कुठे ठेवायची, हे वॉल्टर गोव्यातल्या एका हॉटेलच्या बागेत शिकला. लग्नानंतर तो कोळंबला घरी परतला. बायको ग्लिनिस मागच्या परसात रोपं वाढवायची, वॉल्टर लोकांच्या अंगणात लावायचा. मालवणात त्याला सगळे 'बागवालो वॉल्टर' म्हणत आणि ते ऐकायला त्याला आवडायचं.

सत्यवती केळुसकर त्याच्याकडे आली ती मुलीला घेऊन. तिचं सगळं आयुष्य देवबागात गेलेलं. एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मध्ये वाळू. नवऱ्याची होडी होती तोवर आणि ती गेल्यावरही, मालवणच्या बाजारात बसून तिने मासे विकले. आता मुलगी प्रियांका मडगावला इस्पितळात नर्स होती आणि तिने आईसाठी कुंभारमाठला टुमदार घर बांधलं होतं. प्रियांकाला लॉन हवी होती. सत्यवतीला काय हवं ते तिने जरा लाजत सांगितलं.

"तुमचा ता गवात काय ता घाला. पण माका जास्वंद होयी, आबोली होयी. आणि एक अनंत. देवबागात माझ्या वाळयेत काय येवक नाय कदी."

"सगळा येतला, काकी," वॉल्टर म्हणाला. "वर्सभरात फुलां ईकूक बसशात."

काम जोरात सुरू झालं. वास्तुशांतीची तारीख ठरलेली होती. अर्ध्या अंगणात तांबडी माती पडली आणि मातीचे डंपर बंद झाले. डोंगरावरून माती काढायला मनाई आली म्हणे. वॉल्टरने चार ठिकाणी फोन केले, कोणीच नक्की सांगेना. त्याच आठवड्यात कर्लीच्या खाडीकडे एका खाजणाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेताचा, बांध दुरुस्त होत होता. तिथे उपसलेल्या काळ्या मातीचा ढीग पडला होता, हवी त्याने न्यावी अशी. दिसायला माती लोण्यासारखी.

खाजणाची माती खारट असते हे वॉल्टरला कोणी सांगायला नको होतं. त्याने ढिगातली चिमूट जिभेवर ठेवून थुंकलीही होती. तरी त्याने ती भरली. वरून तांबड्या मातीचा थर देऊ, मुळं खाली जाईपर्यंत पावसाळा येईल, मीठ धुऊन जाईल, असं त्याने स्वतःला समजावलं. खाली कातळ आहे, पाणी निचरणार कुठे, हा प्रश्न त्याला पडला नाही असं नाही. त्याने तो पुढे ढकलला.

वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाने हिरवळीवर उभं राहून फोटो काढले. सत्यवती हातातलं तबक ठेवून मधेच बाहेर यायची, प्रत्येक रोपाच्या पानाला हात लावायची आणि आत जायची. वॉल्टर जेवायला बसला होता. तिने त्याच्या पानात स्वतःच्या हाताने वाटाण्याची उसळ वाढली, नको म्हणत असतानाही पुन्हा वाढली.

ऊन तापायला लागलं तशी लॉन पिवळी पडली. जास्वंदीची पानं कडेने करपली. वाफ्यांच्या काठाला पांढरी बुरशीसारखी खपली धरली. सत्यवतीने वॉल्टरला फोन केला, तोही तक्रार म्हणून नाही, विचारायला म्हणून. तो आला. पांढरी खपली बघताच त्याला कळलं. पाणी घातलं की मीठ वर येत होतं. सत्यवती त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"काय चुकला रे माझा? पाणी तर मी रोज घालतंय."

तिने स्वतःच चूक आपल्याकडे घेतली होती. वॉल्टरला नुसतं गप्प राहणंही पुरलं असतं. पण तो बोलून गेला.

"सगळ्यांच्याच हाताक झाडा येणत नाय, काकी."

हे तो हसत बोलला. सत्यवती हसली नाही. तिने आपले हात उलटसुलट करून पाहिले आणि त्याच्यापुढे धरले. बोटांच्या पेरांवर कोयतीच्या जुन्या खुणा, तळवे जाड, भेगाळलेले.

"जल्मभर म्हावरा इकलंय रे ह्या हातांनी. खारवलेला, सुकवलेला. ह्यातला मीठ काय जाता?"

वॉल्टरने गाडी सुरू केली. "पाणी जरा कमी घाला," एवढं सांगून तो निघाला.

मग प्रियांकाचा फोन आला. प्रियांका एरवी मालवणीत बोलायची. त्या दिवशी ती कचेरीत बोलावं तशी बोलली.

"वॉल्टरभाऊ, अनंत मेला. अर्धी लॉन जळली. मला फोनवर कारणं नकोत. तुम्ही रविवारी या आणि माझ्यासमोर बघा. नाहीतर हे सगळं फोटोंसकट मी मालवणच्या सगळ्या ग्रुपवर टाकणार आहे."

रविवारी तो गेला तेव्हा प्रियांका फाटकातच उभी होती. ती एकेक मेलेलं झाड दाखवत गेली आणि वॉल्टर मान हलवत गेला. तेवढ्यात सत्यवती बादली घेऊन मागच्या दाराने आली. तिच्या हातात रबराचे हातमोजे होते, कोपराच्या जरा खालपर्यंत, इस्पितळात घालतात तसे. मोजे घातलेल्या हातांनी ती अबोलीला तांब्याने पाणी घालू लागली.

"ह्या काय, काकी?" वॉल्टरने विचारलं.

"माझो हात नको लागाक म्हणान," सत्यवती म्हणाली. "प्रियाकडसून मागून घेतलंय. आणि तू तेका कित्याक बोलतंस गो, प्रिया? तेची काय चूक? तेना माका पयलाच सांगल्यान हुता."

प्रियांका आईवर चिडली. "आई, असं काही नसतं. किती वेळा सांगू?" पण सत्यवती वॉल्टरकडे बघत होती. त्याने दुजोरा द्यावा अशी. त्याने खाली बघितलं.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. त्याऐवजी त्याने तक्रार मिटवली. मेलेली सगळी झाडं बदलून देतो, लॉन नवी घालतो, एक पैसा नको, असं तो प्रियांकाला म्हणाला. प्रियांका वरमली. इतक्या लवकर कोणी मान्य करील असं तिला वाटलं नव्हतं. तिने त्याला चहा दिला. तो पिताना वॉल्टरच्या मनात आलं, ही माणसं मला अजून चांगला समजतायत.

घरी तो दोन घास खाऊन उठला. ग्लिनिसने विचारलं, "बरा नाय वाटणा?" तो म्हणाला, ऊन लागलं. पुढच्या रविवारी चर्चमध्ये तो कन्फेशनच्या रांगेत उभा राहिला आणि नंबर यायच्या आधी बाहेर पडला. पाद्र्याला सांगून मोकळं होणं त्याला सोपं वाटलं, आणि म्हणूनच ते त्याला नको झालं.

ठरल्या दिवशी तो दोन गडी आणि हिरवळीच्या गुंडाळ्या घेऊन कुंभारमाठला गेला. सत्यवती बाहेर आली नाही. शेजारची जानकी वाफ्यांना पाणी घालत होती.

"काकी खंय?" त्याने विचारलं.

"भितूर आसा," जानकी म्हणाली. "नव्या झाडांवर आपली सावली नको म्हणता. माझ्या परड्यातपण येवक नाय महिनोभर. माझ्या कढीपत्त्याक काय होयत म्हणान भिता."

वॉल्टरने वर बघितलं. खिडकीच्या गजांमागे सत्यवती उभी होती. त्याची नजर गेली तशी ती मागे सरली.

गड्यांनी गुंडाळी उलगडायला घेतली होती. "थांबा रे," वॉल्टर म्हणाला. त्याने फावडं घेतलं आणि अंगणाच्या मधोमध खणायला लागला. तांबडा थर संपला आणि काळी, ओलसर माती वर आली. त्याने ती ओंजळीत घेतली, पायऱ्या चढून दारात गेला आणि हाक मारली.

"काकी, भायर येवा. माका तुमका कायतरी दाखवचा आसा."

सत्यवती उंबऱ्यापर्यंत आली. हात पदरात गुंडाळलेले. वॉल्टरने ओंजळ पुढे केली. तिने वाकून बघितलंही नाही, वासानेच तिची मान वर आली.

"ही खाजणातली," ती म्हणाली.

"होय. मीच हाडलंय. डंपर येवक नाय, तुमची तारीख जवळ इली. वरसून तांबडी टाकून झाकलंय. झाडा ह्या मिठान मेली, काकी. तुमच्या हातान नाय."

गडी, जानकी, सगळे ऐकत होते. सत्यवतीने त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"तुका म्हायत हुता?"

"हुता."

"मी हात दाखवलंय तुका, तेव्हापण?"

"हुता, काकी."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं, आपटलं नाही. वॉल्टर माती घेऊन तसाच उभा राहिला. ती खाली कुठे टाकायची तेही त्याला सुचेना.

प्रियांका दुसऱ्या दिवशी रजा टाकून आली. ती वॉल्टरला नाही नाही ते बोलली आणि त्यातला एकही शब्द त्याला जास्त वाटला नाही. "लोकांना कळायलाच पाहिजे," ती म्हणाली.

"टाका ग्रुपवर," तो म्हणाला. "खरा काय ता लिवा."

तिने टाकलं. पावसाळ्याआधीची त्याची बरीच कामं गेली. ग्लिनिसने पहिल्यांदा त्याची बाजू घेऊन दोघातिघांशी भांडण काढलं, मग घरी त्याने सगळं सांगितल्यावर ती त्याच्याशीच बोलेनाशी झाली. तरी रोज सकाळी डबा भरून द्यायची. त्या डब्यावर वॉल्टर कुंभारमाठला राबला. अंगणातली सगळी माती, तांबडी काळी सगळी, कातळ लागेपर्यंत काढली. निचऱ्यासाठी कातळात चर पाडले. गडी होते, पण घमेलं तो स्वतः उचलायचा, पाठ धरली तरी.

मनाई उठून नवी माती आली तेव्हा सत्यवती पहिल्यांदा बाहेर आली. टेम्पो रिकामा करायच्या आधी तिने फळीवरून चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली. मान हलवली. मगच माती उतरली. प्रत्येक टेम्पोला तिने हेच केलं. वॉल्टरशी ती बोलायची ती कामापुरती. रोपं लावून झाल्यावर त्याला वाटलं, आता तरी ती हात लावील. ती जास्वंदीपाशी वाकली, हात पुढे केला आणि पानाच्या जवळ नेऊन थांबवला. तिला सगळं कळलेलं होतं, तरी हात पुढे जाईना. वॉल्टरने तोंड फिरवलं. माती उपसून काढता आली, ते वाक्य कसं उपसायचं?

त्याने हत्यारं गाडीत टाकली तेव्हा ती फाटकापर्यंत आली.

"ती माती माझ्याकडेच टाकलंस की आणखी खंय?"

हा प्रश्न कोणी विचारू नये म्हणून वॉल्टर कितीतरी दिवस मनातल्या मनात प्रार्थना करत होता.

"चौक्याक. कॉनरॅड सरांच्या पोफळींच्या खड्ड्यांत. उरलेली."

"तेंका सांगलंस?"

"नाय."

"मगे हंय कित्याक उबो रवलंस?" ती म्हणाली आणि आत गेली.

तो तसाच चौक्याला गेला. कॉनरॅड सर निवृत्त शिक्षक, घरात एकटेच. त्यांनी त्याला व्हरांड्यात बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"पोफळीची रोपां मेली म्हणान मी फोंडाघाटच्या महादूक दोष दिलंय," ते म्हणाले. "तेच्या नर्सरीतली रोपांच रोगट, असा धा जणांक सांगलंय. चौक्यातला कोण आता तेच्याकडे जाणा नाय. ह्या आता कसा निस्तारूचा रे, वॉल्टर?"

वॉल्टर उठून उभा राहिला. सरांचे खड्डे उपसून देतो म्हणाला. आणि फोंडाघाटला मीच जातो, असंही म्हणाला.

महादूची नर्सरी घाटाच्या पायथ्याशी, रस्त्याला लागून. महादू चिखलाचे हात घेऊनच पुढे आला. वॉल्टरने उभ्याउभ्या सगळं सांगितलं, कुठेही थांबला नाही. महादूने डोकं खाजवलं.

"अरे तेच्या मायला! मी बियांची मदर झाडा तोडूक काडलेलंय. म्हटला, बियाणाच बिगाडला." आणि तो मोठ्याने हसला, अगदी मनापासून. "बरा केलंस सांगलंस. बस. च्या घेवया."

त्याने खुर्ची पुसून दिली. वॉल्टर बसला. सत्यवतीचं न बोलणं त्याने सोसलं होतं, प्रियांकाच्या शिव्याही. पण महादू सावलीतून त्याला आपली रोपं दाखवत होता, कुठलं कधी लावलं ते सांगत होता, आणि वॉल्टरला त्याच्याकडे मान वर करून बघता येत नव्हतं.